राणीच्या बागेतली नवी दालनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांकडून दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात: लालबागच्या राजाची रांग किती आहे, आणि राणीच्या बागेत, म्हणजे इथल्या प्राणिसंग्रहालयात, आता काय नवीन आहे. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्यावर मात्र मी तासभर बोलू शकते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. तिथून परत येताना लोक जे बोलतात, ज्यावर नाराज होतात आणि ज्यावर खूश होतात, त्याचेच बहुतेक प्रश्न झाले आहेत.

आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हाची बाग आणि आताची बाग, फरक काय?

तेव्हा लोखंडी गज, सिमेंटची फरशी आणि कोपऱ्यात पाठ करून बसलेला प्राणी असायचा. हत्तीवरची रपेट असायची. गजांमधून शेंगदाणे फेकायचे नाहीत अशी पाटी असायची आणि पाटीखाली उभं राहून लोक शेंगदाणे फेकायचे.

बदलाची सुरुवात पेंग्विनपासून झाली. मार्च २०१७ मध्ये ते लोकांना बघायला मिळाले. मग २६ जानेवारी २०२० ला मुक्त पक्षीविहार उघडला. त्यात आपण जाळीच्या आत शिरतो आणि पक्षी आपल्या डोक्यावरून उडतात. त्याच फेब्रुवारीत औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघाची जोडी आली आणि वाघ काचेमागे, झाडोऱ्यात दिसू लागला. बिबट्या, तरस, अस्वल यांनाही नवी घरं मिळाली. मगर आणि सुसरीच्या तळ्याला वरून बघायचा सज्जा आणि पाण्याखालून बघायची काच, अशी दोन्ही सोय झाली.

बाग मात्र जुनीच आहे. १८६० च्या दशकात ती इथे वसली आणि तेव्हा तिला व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणायचे. आता पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, टॅक्सीवाल्याला मात्र अजूनही ‘राणीची बाग’च सांगावं लागतं.

‘इमर्सिव्ह’ दालन म्हणजे नेमकं काय? नुसती काच लावली की झालं का?

नाही. काच हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

कल्पना जुनी आहे. कार्ल हागेनबेक नावाच्या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ असं प्राणिसंग्रहालय उघडलं की सिंह आणि माणूस यांच्यामध्ये गजच नव्हते. मधे खोल चर होता, पण बघणाऱ्याच्या नजरेला तो दिसायचा नाही. पुढे १९७० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत सिअॅटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात गोरिलांसाठी जागा बांधताना आणखी एक पाऊल पुढे टाकलं गेलं. प्राण्याच्या बाजूला जी झाडी, तीच बघणाऱ्याच्या बाजूलाही लावली. पायवाट वळणावळणाची केली. समोरच्या वळणावरची माणसं तुम्हाला दिसत नाहीत, त्यामुळे आपण गर्दीत आहोत हे विसरायला होतं. थोडक्यात, प्राण्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून गेलो आहोत, असं वाटायला लावणं हा सगळा खटाटोप.

या कसोटीवर राणीच्या बागेतलं कुठलं दालन उतरतं? माझ्या मते पक्षीविहार पूर्ण उतरतो, मगरींचं तळं बऱ्यापैकी, वाघाचं अर्धं, आणि पेंग्विनचं अजिबात नाही. पेंग्विन कक्ष ही चांगली मत्स्यालयासारखी जागा आहे. तिथे तुम्ही अंटार्क्टिकात किंवा पेरूत आहात असं क्षणभरही वाटत नाही आणि वाटायची गरजही नाही.

मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन? बिचाऱ्यांना बर्फ नको का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यातला ‘बर्फ’ हा शब्द चुकीच्या पेंग्विनचा आहे. इथले आहेत हम्बोल्ट पेंग्विन. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. तिथला किनारा म्हणजे जवळजवळ वाळवंट, रखरखीत खडक, आणि त्याला लागून दक्षिणेकडून येणारा थंड पाण्याचा प्रवाह. म्हणजे पाणी गार हवं, बर्फ नको. या पक्ष्याच्या चोचीच्या मुळाशी गुलाबी उघडी कातडी दिसते ना, ती उगाच नाही. अंगातली उष्णता तिथून बाहेर टाकली जाते. बर्फात राहणाऱ्या पेंग्विनला अशी उघडी कातडी परवडली नसती.

तरीही भायखळ्याचा मे महिना त्यांना झेपणारा नाही. त्यामुळे कक्षाचं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात आणि पाणी सतत गाळून, थंड करून फिरवतात. काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्यालाही त्या गारव्याचा फायदा मिळतो. उन्हाळ्यात कक्षातून हलायला तयार नसलेल्या पालकांना पेंग्विनची आवड आहे की एसीची, हे ओळखणं कठीण जातं.

पेंग्विनचा कक्ष बघण्यासारखा आहे का? कोणी म्हणतं दोन मिनिटांत संपतो.

रांग पुढे सरकत राहते, म्हणून तसं वाटतं. सुट्टीच्या दिवशी खरंच दोन-पाच मिनिटांत बाहेर पडता. रविवारी गेलेले लोक ‘एवढंच?’ म्हणून परत येतात, मंगळवारी गेलेले ‘किती गोड!’ म्हणून परत येतात. प्राणी तेच असतात.

गर्दी नसेल तर खडकावर उभ्या असलेल्या पेंग्विनकडे बघू नका, पाण्याकडे बघा. जमिनीवर तो डुलत डुलत चालतो, लहान मुलं हसतात. पाण्यात शिरला की तोच पक्षी ओळखू येत नाही. पंख अक्षरशः उडण्यासाठी हलवतो, पाय मागे दुमडून सुकाणूसारखे वापरतो आणि सूर मारताना पिसांमध्ये अडकलेल्या हवेचे बारीक बुडबुडे अंगामागून धाग्यासारखे निघत राहतात. काचेला अगदी जवळून वळसा घेऊन जातो तेव्हा पोटावरचे काळे ठिपके मोजता येतात. हे बघायला दहा मिनिटं एका जागी उभं राहायला मिळालं पाहिजे, आणि ते फक्त आठवड्याच्या मधल्या सकाळी मिळतं.

एखादा पेंग्विन फाटक्या गोधडीसारखा दिसत असेल तर घाबरू नका. तो आजारी नसतो. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं झडून नवी येतात आणि तेवढे दिवस ते पाण्यात उतरायला नाखूश असतात.

पेंग्विनवर एवढा खर्च कशाला केला, असं अजून लोक म्हणतात. तुमचं मत?

म्हणणारच. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आले, ऑक्टोबरमध्ये त्यातला एक दगावला, आणि तेव्हापासून पेंग्विन हा मुंबईच्या राजकारणातला कायमचा पक्षी झाला. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, ते आठवडाभरात गेलं. २०२१ मध्ये ओरिओ आणि ऑस्कर जन्मले आणि जगले, त्यानंतर संख्या वाढत गेली. मग पिल्लांना मराठी नावं का नाहीत यावरूनही वाद झाला.

माझं मत विचाराल तर, परदेशी प्राणी आणून गर्दी खेचायची ही युक्ती मला फारशी पटत नाही. पण त्या गर्दीमुळेच ओसाड पडत चाललेल्या बागेकडे पैसा आणि लक्ष वळलं, हेही डोळ्यांनी दिसतं. पेंग्विन बघायला आलेला माणूस परत जाताना तरस बघतो. तरस बघायला म्हणून मुंबईत घरातून कोणी निघालं असतं, असं मला वाटत नाही. हम्बोल्ट पेंग्विन धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात मोडतो, त्यामुळे त्यांची पैदास होणं ही काही वाईट गोष्ट नाही. मात्र इथली पिल्लं पेरूच्या समुद्रात सोडली जाणार आहेत अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

पक्षीविहारात पक्षी अंगावर येतात का? आमची धाकटी घाबरते.

अंगावर येत नाहीत. डोक्यावरून जातात. एखाद्या वेळेस प्रसाद मिळतो, तेव्हा टोपी असू द्या.

आत शिरताना दोन दारं लागतात. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडू नये, एवढाच नियम. मुलांना हे दार-प्रकरण भलतंच आवडतं, कारण त्यातून आपण कुठेतरी गुप्त जागी चाललो आहोत असं वाटतं. जाळी सुमारे पाच मजली इमारतीइतकी उंच आहे, त्यामुळे आत आल्यावर पहिले काही क्षण जाळी लक्षातच येत नाही. पाणी पडण्याचा आवाज, ओल, उंच झाडं, आणि मधून जाणारा पूल.

माझ्या मते अख्ख्या बागेतली ही सगळ्यात चांगली जागा आहे आणि लोक ती सगळ्यात घाईत बघतात. पुलावरून चालत ‘हा पोपट, तो बगळा’ करत पलीकडच्या दाराने बाहेर. असं करू नका. पुलाच्या कठड्याला टेकून एकाच पक्ष्यावर नजर ठेवा. चित्रबलाक मिळाला तर उत्तम. हा उंच, पांढरा, पाठीमागे गुलाबी छटा असलेला पक्षी गुडघाभर पाण्यात उभा राहतो, चोच अर्धवट उघडून पाण्यात बुडवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत बसतो. बघून मासा पकडत नाही, चोचीला लागला की मिटतो. ती मिटण्याची क्रिया इतकी चटकन होते की आपण पापणी लववली तर हुकते. शेजारी पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असेल, दोरीवर टाकलेल्या शर्टासारखा. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकून टाकत नाहीत, भिजतात, म्हणून पोहून आला की असा वाळत बसतो.

धाकटी घाबरत असेल तर आधी बाहेरून जाळीतून पक्षी दाखवा आणि मग आत न्या. आत गेल्यावर तिला कडेवर घेऊ नका. उलट वाटेल, पण कडेवर मूल पक्ष्यांच्या जास्त जवळ जातं.

वाघ दिसलाच नाही. मग हे नवं दालन कोणासाठी बांधलं?

हा खरा प्रश्न. तक्रारींमध्ये याचा पहिला नंबर, आणि यावर जरा सविस्तर बोलायला हवं.

जुन्या पिंजऱ्यात वाघ दिसायचाच, कारण त्याला जायला दुसरी जागाच नव्हती. तो गजांच्या कडेकडेने त्याच वाटेने फेऱ्या मारायचा, वळायचा, पुन्हा फेऱ्या. लोकांना वाटायचं वाघ किती रुबाबात फिरतोय. खरं तर कोंडलेल्या प्राण्याचं ते एक ठरलेलं, निरर्थक वागणं असतं. नव्या जागेत त्याला झाडी आहे, पाणी आहे, उंचवटा आहे, आणि आपल्या नजरेआड बसायची सोय आहे. आता त्याला हवं असेल तेव्हा तो आपल्याला दिसतो. मुंबईच्या दुपारी एक वाजता त्याला ते नको असतं. मोठं मांजर ते, दिवसातला बराचसा वेळ झोपतं. आपणही त्या वेळी वामकुक्षीच करतो.

म्हणजे वाघ न दिसणं हे बऱ्याचदा दालन चांगलं असल्याचं लक्षण आहे. हे वाक्य तिकीट काढून आलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या बापाला काचेसमोर सांगायचं धाडस माझ्यात नाही. पण घरी वाचणाऱ्या तुम्हाला सांगते.

दिसण्याची शक्यता वाढवायची असेल तर सकाळी दरवाजे उघडल्या उघडल्या थेट वाघाकडे जा, पेंग्विनकडे नंतर. पावसाळ्यातही चांगली संधी असते. रिमझिम पावसात वाघ बाहेर बसलेला किंवा पाण्यात शिरलेला सापडतो, बघणारे मात्र सगळे शेडखाली. काचेसमोर पोचल्यावर मोकळी जागा शोधू नका, सावलीची जागा शोधा. बांबूच्या बुडाशी, दगडाच्या मागे, पाण्याच्या काठाला. आधी कान दिसतो. वाघाच्या कानांच्या मागच्या बाजूला काळ्यावर एक पांढरा ठिपका असतो. तो पांढरा ठिपका हलला की समजा सापडला. मग हळूहळू अख्खा वाघ त्या पाचोळ्यातून उलगडतो. इतका वेळ तिथेच होता आणि आपण बघत नव्हतो, हा धक्का मला तरी वाघ समोर येऊन उभा राहण्यापेक्षा जास्त आवडतो.

आणि कृपा करून काचेवर टकटक करू नका. शिट्ट्या मारू नका. ‘ए वाघोबा’ म्हणून हाका मारणारा मोठा माणूस प्रत्येक वेळी असतोच. त्याच्या घरच्यांनी त्याला आवरावं.

मग झाडं, खडक, धबधबा हे प्राण्यांसाठी की आपल्यासाठी?

दोघांसाठी, पण सारख्या प्रमाणात नाही. सिमेंटच्या खडकावर काढलेल्या भेगा, मातकट रंग, पायवाटेच्या कडेची झुडपं, गुहेसारखं प्रवेशद्वार, हे सगळं आपल्या डोळ्यांसाठी आहे. वाघाला खडक खरा की खोटा याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला तो उन्हात किती तापतो, त्यावर पाय पसरून झोपता येतं का आणि तिथून दूरवर दिसतं का, एवढंच हवं असतं.

त्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी आपल्याला बहुतेक दिसतच नाहीत. रात्रीची खोली कशी आहे, दोन वाघांना वेगळं ठेवायची सोय आहे का, पायाखाली सिमेंट आहे की माती, रोज तेच ते घडतं की काही बदल होतो. देखभाल करणारी मंडळी कधी ओंडका बदलतात, कधी अन्न लपवून ठेवतात, कधी नवा वास सोडतात, म्हणजे प्राण्याला डोकं चालवावं लागतं. दालन बघून आल्यावर ‘किती सुंदर!’ म्हणणाऱ्यांना मी विचारते, ‘प्राणी काय करत होता?’ त्याचं उत्तर ‘फेऱ्या मारत होता’ असं असेल तर धबधबा कितीही सुंदर असला तरी काहीतरी चुकतंय. ‘हुंगत होता, खणत होता, झोपला होता, पाण्यात बसला होता’ असं असेल तर बरं चाललंय.

मगरींच्या काचेचं इतकं कौतुक का चाललंय?

कारण मगर म्हणजे पडलेलं लाकूड, हा समज तिथे मोडतो. सज्ज्यावरून बघितलं तर तेच लाकूड. खाली येऊन पाण्याच्या पातळीखाली बघितलं तर ती पाण्यात अधांतरी तरंगत असते, मागचे पाय सैल सोडलेले, बोटांमध्ये पडदे, शेपटी किंचित हलतेय. डोळ्यावर एक पारदर्शक पापणी आडवी सरकते आणि परत जाते. ही पापणी दिसली तर तिकिटाचे पैसे वसूल.

सुसर वेगळी ओळखायला शिका. जबडा लांब आणि अरुंद, सगळे दात बाहेर. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकाला गाठ असते. सुसर मासे खाते, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, आणि तरी आज ती जगात अतिशय थोड्या ठिकाणी उरली आहे. चंबळ नदी हे तिचं मोठं ठिकाण. मुंबईच्या मुलांना सुसर पाण्याखालून बघायला मिळते, हे पेंग्विनपेक्षा मोठं आहे असं माझं ठाम मत आहे. कोणी ऐकत नाही ते सोडा.

काचेतून फोटो चांगले येत नाहीत. काही युक्ती?

फ्लॅश बंद. तो प्राण्याला त्रासदायक आणि काचेवर आपटून परत येणारा. फोनची लेन्स काचेला जवळजवळ चिकटवा, भोवती तळहाताचा आडोसा करा. अंगात पांढरा किंवा पिवळा शर्ट असेल तर काचेत आधी तुम्हीच दिसाल, गडद रंग घाला. लहान मुलांच्या हातांचे, नाकांचे ठसे काचेच्या खालच्या अर्ध्या भागात असतात, तेव्हा वरच्या भागातून काढा. दुपारच्या उन्हात काचेचा आरसा होतो, त्याला इलाज नाही.

जायचं कधी? तिकीट किती?

बुधवारी बाग बंद. भारतातल्या प्राणिसंग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावाच लागतो, प्राण्यांना उसंत मिळावी म्हणून. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून सहसा गुरुवारी बंद ठेवतात. या गोंधळात दर वर्षी अनेक कुटुंबं बंद दरवाजासमोर उभी राहतात. सकाळी साडेनऊला सुरू होते, संध्याकाळी सहापर्यंत असते, तिकीट खिडकी मात्र बरीच आधी बंद होते.

ऑगस्ट २०१७ मध्ये दर वाढले तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला १०० रुपये असं ठरलं. त्याआधी मोठ्यांचं तिकीट ५ रुपये होतं, त्यामुळे केवढा गदारोळ झाला होता! जाण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर चालू दर बघा आणि शक्य असेल तर तिकीटही तिथेच काढा. खिडकीवरची रांग वाचते.

टाळायचे दिवस म्हणजे नाताळ ते नवीन वर्ष, मे महिन्यातले रविवार, दिवाळीची सुट्टी. १ जानेवारीला इथे एका दिवसात तीस हजारांहून जास्त माणसं आल्याची नोंद आहे. अशा दिवशी इमर्सिव्ह वगैरे काही नसतं. माणसांच्या समुद्रात तुम्ही बुडता, एवढंच.

या दालनांसाठी जुनी झाडं गेली का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझा सलाम. राणीची बाग मुळात वनस्पती उद्यान आहे, प्राणी नंतर आले. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी अशी झाडं इथे आहेत, आणि काही तर शहरात क्वचितच दुसरीकडे सापडतील. २००७ च्या सुमारास बागेचा मोठा कायापालट करायची योजना पुढे आली तेव्हा झाडांसाठी नागरिक उभे राहिले. त्यात पुढाकार घेणाऱ्या बऱ्याचशा स्त्रिया होत्या. त्यांनी एकेका झाडाची नोंद केली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पुढे योजना बरीच आटोपशीर झाली. आज दालनं झाडांच्या सावलीत आहेत, ही त्या भांडणाची कमाई आहे. इमर्सिव्ह दालनाला लागणारं जंगल नव्याने उभं करायला इतरांना पंचवीस-तीस वर्षं लागतात. इथे ते दीडशे वर्षांपासून उभं होतं.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर प्राण्यांना पाठ करून जरा कैलासपतीकडे जा. फुलं फांद्यांना न येता थेट खोडाला येतात, मांसल, गुलाबी, आणि त्यांचा वास लांबूनच जाणवतो.

सिंगापूरला जाऊन आलो. त्यापुढे हे काहीच नाही, बरोबर?

आकारात आणि पैशात, बरोबर. सिंगापूरच्या मंडाई भागात २०२३ मध्ये उघडलेल्या बर्ड पॅराडाइजमध्ये १७ हेक्टरांत आठ भव्य पक्षीविहार आहेत. मार्च २०२५ मध्ये तिथे रेनफॉरेस्ट वाइल्ड एशिया उघडलं, १३ हेक्टर, झाडांच्या शेंड्यांजवळून जाणाऱ्या वाटा, गुहा, आणि वाघापासून अस्वलापर्यंत आशियाई जंगलातले प्राणी. आपली अख्खी बागच मुळी एकवीस हेक्टरांच्या आसपास आहे, आणि तीही भर शहरात, रेल्वे रुळांपासून दोन पावलांवर.

पण तिथून आलेल्या मराठी मंडळींचं बोलणं ऐकाल तर तक्रार तीच: ‘एवढं चाललो आणि अस्वल दिसलंच नाही.’ तिकीट आपल्याहून कितीतरी पटीने महाग, एवढाच फरक.

मग कात्रज किंवा गोरेवाडा?

पुण्याचं कात्रज ऐसपैस आहे, चालायची तयारी हवी, आणि सापांसाठी तिथेच जावं. नागपूरच्या गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ पासून सफारी आहे. तिथे तुम्ही गाडीत कोंडलेले आणि प्राणी मोकळे, हा उलटा प्रकार. वाघ-अस्वल मोकळ्या जागेत बघायचे असतील तर गोरेवाडा राणीच्या बागेपेक्षा सरस, यात वाद नको. पण लोकलने जाऊन, भायखळ्याला उतरून, दहा मिनिटं चालून पोचता येतं आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावता येतो, हे फक्त राणीच्या बागेत.

आजी-आजोबा आणि बाबागाडी घेऊन जमेल का?

जमेल. रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत, बसायला बाक आहेत, सावली भरपूर. पेंग्विन कक्षाच्या रांगेत उभं राहणं वयस्कर मंडळींना जड जातं, म्हणून ते सकाळीच उरकून घ्या किंवा त्यांना पक्षीविहारापाशी बसवा आणि बाकीच्यांनी जाऊन या. पाण्याची बाटली घरून न्या, प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. उघडं असेल तर दुपारचं ऊन तिथे काढा, आजोबांना जुन्या मुंबईची मातीची मॉडेलं दाखवा, आणि चारनंतर पुन्हा वाघाकडे एक चक्कर टाका. ऊन उतरलं की तो उठतो.